रांग, खुर्ची आणि पाळणा: दिव्यांग माणसाला घेऊन थीम पार्कला जाताना

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची जत्रा, म्हणजे गड्डा, तिथली गोष्ट आहे. होम मैदानावर संध्याकाळी पाचच्या सुमाराला, गर्दी चढायच्या आत, मी मुलाला घेऊन आकाशपाळण्यापाशी उभा होतो. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे. पाळणेवाल्यानं विचारलं, "याला काय झालंय ओ?" मी सवयीनं सुरू झालो: ऑटिझम म्हणजे आजार नव्हे, मेंदूची जडणघडण वेगळी असते, वगैरे. त्यानं अर्ध्या मिनिटात हात वर केला. "ते राहू द्या की ओ. पाळणा किती फेऱ्यांनी थांबवू तेवढं सांगा."

दोन फेऱ्या, म्हटलं. आणि चढताना-उतरताना तुम्ही हात धरू नका, मी धरतो. त्यानं तसंच केलं.

पुढं मोठ्या पार्कांच्या खिडक्यांवर उभं राहायची वेळ आली. कधी मुलाला घेऊन, कधी आत्याला घेऊन. आत्याला लहानपणी पोलिओ झालेला. घरात कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा धातूचा आधार, बाहेर चाकाची खुर्ची. दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या, पण पाळणेवाल्याचा तो प्रश्न दोन्हीकडं कामाला आला. समोरच्याला निदान ऐकायचं नसतं, आपण नेमकं काय करायचं हे त्याला हवं असतं. सोलापुरातून निघायच्या आधीपासून परत येईपर्यंत काय काय करायचं, ते आमच्या चुकांसकट पुढं सांगतो.

आधी समजून घ्या, मिळतं काय

पुष्कळांचा समज असतो की दिव्यांगांना रांगेत सगळ्यांच्या पुढं सोडतात. तसं नसतं. पैसे भरून रांग चुकवायचं एक्सप्रेस तिकीट ही वेगळी चीज आहे. दिव्यांगांसाठीच्या सोयीचं तत्त्व साधारण असं: राइडला चाळीस मिनिटांची रांग असेल तर तुम्हाला चाळीस मिनिटांनंतरची वेळ लिहून देतात. तेवढा वेळ तुम्ही सावलीत बसा, जेवा, फिरा. वेळ झाली की बाजूच्या गेटनं आत. थांबणं तेवढंच, फक्त लोखंडी कठड्यांच्या नागमोडी गर्दीत उभं राहावं लागत नाही. आमच्या मुलाला थांबता येतं. मागचा माणूस पाठीला चिकटून उभा राहिला की मात्र त्याचं सगळं बिनसतं.

खुर्चीवरच्या माणसाचा प्रश्न निराळा. त्याला रांगेत बसायला अडचण नसते, पण रांगेत मध्येच सहा पायऱ्या येतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी खुर्चीला राइडच्या बाहेर पडायच्या वाटेनं आत घेतात.

हा सगळा प्रकार जगभर ओळखीचा झाला तो डिस्नेमुळं. त्यांच्याकडं आधी एक असिस्टन्स कार्ड असायचं. दिव्यांग 'गाइड' भाड्यानं घेऊन श्रीमंत कुटुंबं रांग चुकवतात अशा बातम्या २०१३ मध्ये अमेरिकेत गाजल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते कार्ड बंद होऊन परतीची वेळ देणारी 'डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस' सुरू झाली. आपल्याकडं सगळ्या पार्कांना लागू होईल असा एकच नमुना नाही. म्हणून पुढची तयारी करावी लागते.

कागद

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग तपासणी. सोलापुरात त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत आणि ऑटिझम त्यात आहे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. कार्डावरच्या पट्ट्याचा रंगही टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि त्यापुढं निळा. ऑटिझमच्या मूल्यमापनाला 'इसा' नावाची भारतीय प्रश्नावली वापरतात. त्यात मूल घरी काय करतं हे खूप विचारतात, तेव्हा जुने रिपोर्ट तर न्याच, पण आईनं किंवा ज्याचा दिवस मुलाबरोबर जातो त्यानंच सोबत जावं. मी गेलो होतो, आणि निम्म्या प्रश्नांना बायकोला फोन लावत होतो.

कार्डाबरोबर आणखी एक कागद ठेवा. तो कुठं मिळत नाही, आपणच लिहायचा. अर्धं पान, इंग्रजीत आणि हिंदीत, थेरपिस्टची किंवा डॉक्टरची सही असली तर उत्तम. त्यात निदान एका ओळीत आणि बाकी गरजा. आमच्या कागदावर चार ओळी आहेत: बंदिस्त गर्दीत दहा मिनिटांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही, अचानक स्पर्श केला तर पळतो, भोंग्याचा आवाज सहन होत नाही, सोबत एक मोठं माणूस कायम लागतं. खिडकीवरच्या पोरीला हे वाचायला पंधरा सेकंद लागतात. आमच्या जुन्या सात पानी रिपोर्टाचं पहिलं पानसुद्धा कुणी उलटलं नव्हतं.

पार्क कुठलं, दिवस कुठला

सोलापूरकराला दोन दिशा मोकळ्या. पश्चिमेला पुण्यापुढं खोपोलीजवळचं इमॅजिका, पूर्वेला हैदराबादचं वंडरला आणि रामोजी फिल्म सिटी. अंतर जवळपास सारखंच, तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर. आपल्याकडं निम्म्या गावाचे पाहुणे हैदराबादला असतात, तेव्हा मुक्कामाची सोय बघूनही ठरवता येतं. दिव्यांग माणूस बरोबर असताना एका दिवसात जाऊन यायचा हट्ट करू नका. आदल्या रात्री जवळ मुक्काम, सकाळी गेट उघडताना हजर, आणि दुपारी तीनला थकवा दिसला तर खुशाल बाहेर.

वार मंगळवार ते गुरुवार. दिवाळीची, नाताळची आणि मेची सुट्टी टाळा. शाळा बुडते म्हणून बायको कुरकुरली होती. शाळेच्या बाईंनी मात्र लगेच सोडलं. पावसाळ्यात खोपोलीचा घाट सुंदर दिसतो, पण जोराचा पाऊस किंवा वीज असली की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात, आणि "आता नाही, नंतर" हे वाक्य काही मुलांना अजिबात पचत नाही. सोलापूरचं पोर बेचाळीस डिग्रीत क्रिकेट खेळतं, तेच घाटाखालच्या दमट हवेत तासाभरात कोमेजतं. जाड टर्किश टॉवेल आपल्या गावचा, तो ओला करून मानेवर टाकायला न्याच.

फोन

तिकीट विकणाऱ्या नंबरवर फोन केला की सगळ्याला "हो सर, मिळेल सर" असं उत्तर येतं. आम्ही त्यावर विसंबून गेलो होतो आणि एका पार्कात खुर्च्या संपलेल्या निघाल्या. आता मी सरळ म्हणतो, मला गेस्ट रिलेशन्सला (पाहुण्यांच्या अडचणी बघणारा विभाग) किंवा ऑपरेशन्सला (राइड चालवणारा विभाग) जोडून द्या. मग विचारायचं: खुर्ची भाड्यानं मिळते का, आधी राखून ठेवता येते का, डिपॉझिट किती? सोबत्याचं तिकीट पूर्ण की सवलतीत? आमच्या तारखेला कुठली राइड दुरुस्तीला बंद आहे? शांत बसायला खोली आहे का? पथ्याचं खाणं आत नेता येतं का?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कं आत सोडत नाहीत. आमचा मुलगा मात्र बाहेर गेला की फक्त कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातो. तीही भाकरी मोडलेली चालत नाही, अख्खी पाहिजे, तो स्वतः मोडणार. हे आधी ईमेलवर कळवलं आणि उत्तर छापून नेलं, म्हणून गेटवर पिशवी तपासणाऱ्यानं डबा परत दिला. डबा उघडून वास मात्र घेतला त्यानं. "सोलापूरची का?" म्हणाला.

जे काही ठरेल ते ईमेलवर मागून घ्या. बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

खुर्ची स्वतःची नेणार असाल तर टेप घेऊन तिची रुंदी मोजा, हातानं ढकलायची गोल कडी धरून. आत्याची खुर्ची ६४ सेंटीमीटर भरते. मग फोनवर "स्वच्छतागृह ॲक्सेसिबल आहे का" असं न विचारता "दार ६४ सेंटीमीटरपेक्षा रुंद आहे का, आत धरायला दांडा आहे का" असं विचारता येतं. पहिल्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. दुसऱ्याला माणूस उठून बघून येतो.

गड्ड्यावर सराव

आमची खरी शाळा ही. सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा जानेवारीत भरतो आणि मोठ्या पार्कात जे काही असतं ते सगळं तिथं लहान मापात असतं: रांग, तिकीट, कर्णा, गोल फिरणं, उंची, अनोळखी माणसाचा हात. दिवस मात्र निवडून जा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे आणि अक्षता सोहळ्याचे दिवस गर्दीचे, आणि शोभेच्या दारूकामाच्या रात्री तर आवाज सोसत नसलेल्या मुलाला तिकडं फिरकवूच नये. यात्रेचे मुख्य दिवस उरकल्यावर, दुपार कलताना जावं. पाळणेवाले तेव्हा रिकामे असतात आणि गप्पा मारायच्या मनःस्थितीत असतात.

पहिल्या दिवशी फक्त बघायचं. बसायचं नाही. दुसऱ्या खेपेला तिकीट काढून दोन मिनिटं थांबायचं, हातात वाळूचं घड्याळ. वाळू संपली की पाळणा. पुढच्या खेपेला पाच मिनिटं. "थोडं थांब" हे आमच्या मुलाला कळत नाही, कारण थोडं म्हणजे किती ते दिसत नाही, वाळू दिसते. आम्ही तीन आठवड्यांत बारा मिनिटांपर्यंत गेलो. त्याच्या पुढं गेलो नाही, आणि म्हणूनच कागदावर दहा मिनिटं असं लिहिता आलं. आकडा मोजून आलेला असला की खिडकीवर आपला आवाज आपोआप ठाम निघतो.

आवाज अडवणारे कानावरचे मफ घरातच घालायची सवय लावा, मिक्सर चालू असताना. राइडमध्ये खांद्यावरून येणारा लोखंडी दांडा छातीवर दाबतो, त्याचा अंदाज यावा म्हणून आम्ही गाडीत पट्टा लावून मांडीवर भरलेलं दप्तर ठेवायचो. हा उपाय कुठल्या पुस्तकातला नाही, बायकोनं काढलेला आहे.

आत्याचा सराव वेगळा होता. खुर्चीवरून शेजारच्या जिपच्या सीटवर जायचं आणि परत यायचं. बहुतेक पार्कांत राइडवरचे कर्मचारी माणसाला उचलत नाहीत. खुर्चीवरून राइडच्या सीटवर स्वतः जायचं किंवा आपल्या माणसांनी न्यायचं. पहिल्या दिवशी मी पुढं होऊन आत्याच्या काखेत हात घातला तर ती कडाडली, "उचलू नकोस रे, मी काय पोतं आहे? खांदा दे नुसता." खुर्ची सीटला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या वर दुमडायच्या, कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप कधी उघडायचं ते आत्या सांगणार. चौथ्या-पाचव्या वेळी पाऊण मिनिटात जमायला लागलं. राइडच्या फलाटावर मागं लोक ताटकळत असताना ही पाऊण मिनिटं फार मोलाची असतात.

प्रवास

याबद्दल थोडक्यात. पुण्यापर्यंत सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची, पुढं टॅक्सी. रेल्वेची सवलत नुसतं यूडीआयडी कार्ड दाखवून मिळत नाही. रेल्वेचं वेगळं दिव्यांग ओळखपत्र काढावं लागतं आणि ते विभागीय कार्यालयातून मिळतं. सोलापूर स्वतःच विभागाचं ठिकाण असल्यानं आपल्याला ते सोपं. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग, बौद्धिक दिव्यांग आणि अंध प्रवासी यांना सेकंड, स्लीपर, एसी चेअर कार आणि थ्री एसीला ७५ टक्के सूट आहे, सोबत्यालाही तेवढीच. रेल्वेच्या या यादीत ऑटिझम वेगळा धरलेला नाही, त्यामुळं प्रमाणपत्रावर बौद्धिक दिव्यांगत्वाची नोंद आहे का ते आधी बघा.

गेटवर

आत गेल्या गेल्या पहिल्या राइडकडं धावू नका. आधी गेस्ट रिलेशन्सची खिडकी. मुलाला कुणाबरोबर तरी सावलीत बसवा, पण खिडकीतून दिसेल असा; काही ठिकाणी त्याला बघितल्याशिवाय पास देत नाहीत. मी साधारण असं बोलतो:

"नमस्कार. माझ्या मुलाला बंदिस्त रांगेत दहा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही. आम्हाला रांग चुकवायची नाही, तेवढा वेळ बाहेर थांबू. प्रत्येक राइडला परत यायची वेळ लिहून मिळेल का? आणि आत कुठल्या गेटनं यायचं?"

कार्ड आणि अर्धं पान विचारल्यावर पुढं करायचं. एका ठिकाणी खिडकीवरचा माणूस मुलाकडं बघून म्हणाला, "दिसायला तर चांगला आहे की." असल्या वाक्याला उत्तर देण्यात दिवस घालवू नका. तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात: दहा मिनिटांच्या वर रांगेत थांबता येत नाही. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यानं सुपरवायझरला बोलावलं, आणि तिला सगळं माहीत होतं.

वेळ तोंडी देऊ लागले तर चिठ्ठी मागा. एकदा तोंडी मिळालेल्या वेळेला गेलो तर फलाटावरची पाळी बदललेली, नव्या माणसाला काहीच पत्ता नाही. आता चिठ्ठीवर राइडचं नाव, वेळ आणि सही घेतल्याशिवाय मी हलत नाही. त्यात आणखी एक फायदा निघाला जो आधी लक्षात आला नव्हता: मुलाला आकडे आवडतात. ३.४० असं लिहिलेली चिठ्ठी त्यानं हातात घट्ट धरली आणि माझ्या घड्याळाकडं बघत चाळीस मिनिटं बसला. वाळूच्या घड्याळाची गरजच पडली नाही.

भीतीदायक राइडवर आई-बाप दोघांनाही बसायचं असेल आणि मूल बसणार नसेल, तर अदलाबदली मागा. एक जण मुलाबरोबर बाहेर, दुसरा राइडवर. तो आला की पहिला पुन्हा रांग न लावता आत. डिस्नेत याला रायडर स्विच म्हणतात. आपल्याकडं नाव नसलं तरी फलाटावरच्या माणसाला नीट समजावून सांगितलं की पुष्कळदा जमवून देतो.

सुरुवात बसून बघायच्या किंवा हळू फिरणाऱ्या गोष्टींनी करा. इमॅजिकात 'आय फॉर इंडिया' म्हणजे मोठ्या पडद्यावर देशावरून उडाल्यासारखं दाखवणारी राइड आहे. उलटंपालटं करणाऱ्या 'नायट्रो' कोस्टरपेक्षा तिनं सुरुवात केलेली बरी. अंधाऱ्या राइडमध्ये मात्र आधी आपण एकट्यानं जाऊन यावं. कुठल्या वळणावर काय अंगावर येतं ते माहीत असलं की मुलाला तीन सेकंद आधी सांगता येतं.

नाही म्हणाले तर

आत्याला एका कोस्टरवर नकार मिळाला. तिथल्या मुलानं नुसतं "अलाउड नाही" म्हटल्यावर माझं डोकं फिरलं होतं, पण आत्यानंच शांतपणे विचारलं, "का, ते सांग बाळा." त्यानं वर बोट दाखवलं. वीज गेली आणि गाडी चढावर अडकली तर तिथून लोखंडी जिन्यानं चालत उतरावं लागतं. शिवाय तिथला दांडा दोन्ही पाय रेटून बसणाऱ्यासाठी बनवलेला. हे कारण पटण्यासारखं होतं. राइडच्या बनवणाऱ्यानं घातलेली अट फलाटावरचा पोरगा मोडू शकत नाही, आणि मोडूही नये.

पण प्रत्येक नकाराला असं कारण असेलच असं नाही. म्हणून विचारायचं: ही अट राइडची आहे की तुमची? फलकावर लिहिलेली कुठं आहे? फलक दाखवता आला नाही तर सुपरवायझर. २०१६ चा कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. योग्य कारणाशिवाय दिव्यांगत्वावरून भेदभाव करता येत नाही आणि करमणुकीच्या ठिकाणी सहभागाचा हक्कही त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुडी प्रकरणात सुगम्यतेचे नियम नुसते सूचनावजा न ठेवता बंधनकारक करा असं केंद्राला सांगितलं. तक्रार करायचीच झाली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं. कार्यालय पुण्यात आहे. फलकाचा फोटो, तारीख, वेळ आणि तुमचा ईमेल जोडा. फलाटावर भांडून काही मिळत नाही, वर सगळ्यांचा दिवस खराब होतो आणि मूल घाबरतं ते वेगळंच.

परदेशी जाणार असाल

सोलापूरची पुष्कळ पोरं अमेरिकेत आहेत आणि आजी-आजोबा, भाचरं तिकडं जातात, म्हणून एवढं सांगतो. डिस्नेनं २०२४ मध्ये आपली ॲक्सेस सर्व्हिस आणखी आवळली. आता ती मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासात्मक दिव्यांगत्वामुळं लांब रांगेत थांबता न येणाऱ्यांसाठी आहे. जायच्या आधी व्हिडिओ कॉलवर नोंदणी करायची, आणि ज्याच्यासाठी मागता ती व्यक्ती कॉलवर हजर पाहिजे. फ्लोरिडा आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागं असतं, तेव्हा मूल जागं आणि पोट भरलेलं असेल अशी वेळ बघा. कॉलवर विचारतात ते रांगेत काय अडचण येते तेच. तिथं तुमचं अर्धं पान समोर ठेवा. चालता न येणं एवढीच अडचण असेल तर तिथं खुर्ची घ्या असं सांगतात, कारण त्यांच्या बहुतेक रांगांत खुर्ची जाते. युनिव्हर्सलसारख्या काही पार्कांना मात्र आयबीसीसीईएस या संस्थेचं ॲक्सेसिबिलिटी कार्ड आधी ऑनलाइन काढावं लागतं.

परत आल्यावर

त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, एका वहीत राइडवार लिहून काढा. रांग किती होती, वेळ किती मिळाली, दांडा कुठं दाबला, कुठल्या आवाजाला दचकला, खुर्ची कुठं अडली. महिन्यानं आठवत नाही. आमच्या वहीत आत्याच्या खाली एकच ओळ आहे, तिनंच सांगितलेली: "पुढच्या वेळी खांदा देणारा उंच माणूस नको." मुलाच्या पानावर मी काही लिहायच्या आत त्यानं सगळ्या चिठ्ठ्या वेळेच्या क्रमानं चिकटवल्या होत्या. ११.१५, १२.५०, ३.४०. चौथी जागा रिकामी ठेवली आहे, आणि गड्डा कधी भरतो ते रोज विचारतो.